नाकासमोर

बासष्ट सालची मॉरिस मायनर
नाकासमोर चालायला तयार नाही.
हात जरा सैल सोडला की डावीकडे,
जणू त्या दगडी कुंपणाकडे तिचं काही येणं बाकी आहे.

पुढचं सगळं मीच खोललं होतं, उन्हाळाभर.
टॉर्शन बार, टाय रॉड, काकवीसारखं घट्ट झालेलं ग्रीस.
नटबोल्ट मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत,
बरण्यांवर अजून डिलिस आत्याचं अक्षर: प्लम, एकोणऐंशी.
तिचीच गाडी ही. याच गाडीतून ती खोऱ्याखोऱ्यांत
बाळंतपणं करत फिरली.

मग शोध. आधी हवा, दोन्हीकडे सारखी.
पुढचे टायर अदलून पाहिले:
खोट टायरची असती, तर ओढीनं बाजू बदलली असती.
नाही बदलली.
दोन मैल चालवून ड्रमवर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसा.
दोन्ही सारखेच कोमट.

मग मासेमारीची हिरवी दोरी,
गाडीच्या दोन्ही अंगांना ताणून.
गॅरेजची फरशी उतरती, म्हणून चाकांखाली स्लेटच्या चिपा.
बेथेस्डात स्लेटला तोटा नाही.
टेपनं मोजलं. चारदा.
चाकं पुढून आत वळलेली, दोन-अडीच मिलिमीटर,
पुस्तकात आहे तेवढीच.

सगळं बरोबर
आणि गाडी वाकडी.
एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं मी.
असा पेपर कुणी आणून दिला असता
तर लाल शाईनं लिहिलं असतं: पुन्हा कर.

इडवल चहा घेऊन आला.
खाली वाकला नाही, पान्याला हात लावला नाही,
उलट रस्ता ओलांडून पलीकडे गेला
आणि हेडलाइटांकडे बघत बराच वेळ उभा राहिला.
"मेइनिर, हिची एक भुवई वर आहे."

होती. डावी. बोटभर.

"बुश आवळलेस तेव्हा गाडी कुठे होती?"
"स्टँडवर."
"म्हणजे चाकं लोंबत."
एवढं बोलून तो बिस्किट बुडवू लागला.

डावे सगळे मी नीट, वहीत खूण करून,
अधांतरी आवळले होते.
उजवे विसरले. गाडी खाली उतरवल्यावर आठवले,
तेव्हा चरफडत आवळले, तिच्या वजनासकट.
विसरले ते बरोबर निघालं,
लक्षात ठेवलं ते चुकलं.
रबराला जिथे आवळाल, तीच त्याची सरळ रेघ.
पुढे वजन आलं की पीळ पडतो,
आणि पिळाचं तुम्हाला ठाऊकच आहे.

नट सैल केले. इडवल ड्रायव्हरच्या जागी,
शेजारी बटाट्यांची दोन पोती.
बॉनेटवर भार देऊन चार-पाचदा डोलवली तिला,
बसू दिली, जिथे बसायची तिथे.
मी खाली, पाठीवर, पाना पाव-पाव फिरवत,
वर इडवल कुठलंसं चॅपेलचं गाणं चुकीच्या पट्टीत गुणगुणत.
"हलू नकोस!"
"श्वास घेऊ का?"

संध्याकाळी तळ्याकडचा रस्ता.
हात उचलले.
सरळ. सरळ. एक मेंढी. सरळ,
आणि मग अगदी किंचित, डावीकडे.
माझा जीव खाली गेला.

"तो रस्ता आहे," इडवल म्हणाला.
"पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता केलेला.
त्याचं खापर हिच्यावर फोडू नकोस."

तळ्याकाठचा वाहनतळ सपाट आणि रिकामा.
तिथे ती गेली, नाकासमोर, माझ्याशिवाय,
पांढऱ्या पट्टीवरून शेवटपर्यंत.
स्टिअरिंगचा दांडा तेवढा तिरका,
बारा वाजून चार मिनिटं दाखवणारा.
दोन्ही टाय रॉड सारखे फिरवावे लागतील,
एक आत, एक बाहेर.
ते पुढच्या शनिवारी.

बटाटे अजून त्या सीटवरच आहेत.
इडवल दोनदा मागून गेला.
मी म्हटलं, थांब, आत्ता कुठे बसलीय ती.